प्लास्टरमधल्या हाताची सही

उमाताई आठल्ये डॉ. देवधरांची सही बघून त्यांचा दिवस कसा गेला ते सांगायच्या. शेवटची रेघ वर गेली असेल तर साहेब वेळेवर जेवलेत. रेघ मधेच तुटली असेल तर कुणाशी तरी वाजलंय. आणि ‘देवधर’मधला ध जाड उमटला असेल, तर त्या दिवशी कुणाचा तरी वाईट अहवाल गेलाय. १९९४ साली मी मिरजेच्या त्या रुग्णालयात पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा मला ही थट्टाच वाटली होती. महिनाभर पडताळून बघितलं, उमाताई एकदाही चुकल्या नाहीत.

रुग्णालयाचं नाव मी सांगत नाही. ट्रस्टचं होतं, जुनं होतं, आणि विजापूरपासून पंढरपूरपर्यंतची माणसं तिथं यायची, एवढं पुरे.

आमच्या विभागाचं काम थोडक्यात सांगते. ऑपरेशनमध्ये काढलेला गाठीचा तुकडा बाटलीत घालून आमच्याकडे यायचा. मी त्याचे मेणात बसवून पातळ काप काढायची, ते काचेच्या पट्टीवर चढवून रंगवायची. ही स्लाइड डॉ. अनंत देवधर सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि गाठ कसली ते सांगायचे. उमाताई ते लिहून काढायच्या, डॉक्टर सही करायचे. पुढं त्या माणसाला गोळ्या द्यायच्या, की कापायचं, की घरी पाठवायचं, हे सगळं त्या एका कागदावर ठरायचं.

उमाताई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. ब्राह्मणपुरीत दोन खोल्यांत राहायच्या. त्यांचे वडील सांगलीच्या कचेरीबाहेर बसून लोकांना अर्ज लिहून द्यायचे, त्यामुळे कागदाची किंमत त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. अक्षर मोत्यासारखं. बोलणं मोजकं. बावीस वर्षांत त्यांनी डॉक्टरांच्या सहीशिवाय एकही अहवाल खिडकीबाहेर जाऊ दिला नव्हता. एकदा तर डॉक्टर गडबडीत सही करायची विसरून सांगलीला गेले, तेव्हा या रिक्षा करून त्यांच्यामागे गेल्या आणि सही घेऊन परत आल्या.

सत्त्याण्णवच्या जुलैत कॉम्प्युटर आला. पुण्याच्या कंपनीचा निमिष नावाचा तरुण तो बसवायला आला होता. हुशार आणि नम्र. त्याने डॉक्टरांना पांढऱ्या कागदावर अकरा वेळा सही करायला लावली, त्यातली एक निवडली आणि स्कॅनरमधून आत घेतली. मग उमाताईंना दाखवलं: अहवाल टाइप करायचा, एक बटण दाबायचं, की छापून येताना खाली सही हजर. काळी, ठसठशीत, शेवटची रेघ वर गेलेली. खोलीत जमलेल्या सगळ्यांनी कौतुक केलं. डॉक्टर स्वतःच्याच सहीकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले की हे यंत्र माझ्यापेक्षा बरी सही करतं.

उमाताईंनी निमिषला विचारलं, ही सही कायद्यात चालते का?

तो म्हणाला की परदेशात याचे कायदे व्हायला लागलेत, आपल्याकडेही होतील. उमाताई म्हणाल्या, होतील तेव्हा होतील, आज काय? त्यावर तो हसला आणि वायर गुंडाळायला लागला.

त्यांचं समाधान झालं नाही. दर महिन्याला ट्रस्टच्या बैठकीला वकील मानसिंगराव यायचे. जिन्यात गाठून उमाताईंनी त्यांना तेच विचारलं. मी मागेच होते, म्हणून ते बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

“पुरावा कायदा अठराशे बहात्तरचा आहे,” मानसिंगराव म्हणाले. “सही कुणाच्या हातची, एवढंच तो विचारतो. यंत्राने उठवलेल्या सहीबद्दल या देशात अजून एक ओळसुद्धा कायदा नाही.”

“म्हणजे चालत नाही?”

“म्हणजे कुणी हरकत घेईपर्यंत चालतं.”

ते पायऱ्या उतरून गेले. उमाताई कठड्याला हात लावून तशाच उभ्या होत्या. नंतर मला म्हणाल्या की हे उत्तर त्यांच्या वडिलांनी कुणा पक्षकाराला दिलं असतं, तर तो उठून दुसऱ्या अर्जनवीसाकडे गेला असता.

पहिले दोन महिने डॉक्टर सांगतील ते उमाताई टाइप करायच्या, पडद्यावर डॉक्टर वाचायचे, मग बटण दाबलं जायचं. पासवर्ड डॉक्टरांचा होता. पण दर वेळी उठून यायचा कंटाळा, म्हणून त्यांनी तो उमाताईंना सांगून टाकला. हळूहळू पडद्यावर वाचणं सुटलं. साहेब दुपारी सांगलीच्या दोन दवाखान्यांत जायला लागले. तिथून फोनवर सांगायचे, इथं सही उमटायची. आता ती सही बघून काहीच कळत नसे. साहेब जेवले का, कुणाशी भांडले का, कुणाचा वाईट अहवाल गेला का, सगळ्यांखाली तीच रेघ, तशीच वर गेलेली.

उमाताईंनी एक गोष्ट केली. आखीव कागदावर चार ओळी लिहिल्या: ‘माझ्या गैरहजेरीत संगणकातून माझ्या सहीने जाणारे अहवाल माझ्या सांगण्यावरून जातात व त्यांची जबाबदारी माझी आहे.’ खाली डॉक्टरांच्या सहीसाठी जागा सोडली आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी वाचला. रागावले नाहीत. म्हणाले, “उमाताई, पंचवीस वर्षांनी आता तुमच्याशीही कागद करायचा का?” आणि घडी घालून खणात टाकला. उमाताई लाजल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

दिवाळीनंतर ट्रस्टने ठरवलं की अहवाल तिसऱ्या दिवशी मिळालाच पाहिजे, लांबून आलेल्या माणसांना ताटकळत ठेवायचं नाही. हेतू चांगलाच होता. निमिष येऊन तशी सोय करून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डॉक्टरांचं मत भरलेलं नसेल, तर पाठवणाऱ्या सर्जनने फॉर्मवर जो अंदाज लिहिला असेल तोच मजकुरात जायचा आणि अहवाल छापायला यायचा. सहीसकट. अशा अहवालावर सगळ्यात वरच्या ओळीत ‘तात्पुरता’ हा शब्द यायचा होता. पण आमचे कागद छापील होते, वर गडद निळ्या पट्ट्यात ट्रस्टचं नाव. तो शब्द नेमका त्या पट्ट्यावर पडायचा. निळ्यावर काळं. कागद उजेडात तिरका धरला तर दिसायचं, नाहीतर नाही. निमिषला कळवलं, तर तो कंपनी सोडून अमेरिकेला गेला होता.

एवढं सगळं असूनही वर्षअखेरपर्यंत काही बिघडलं नाही. डॉक्टर रोज यायचे, तिसऱ्या दिवसाच्या आत स्लाइड बघायचे. ती सोय नुसती आत दबा धरून बसली होती.

फेब्रुवारीत डॉक्टर साताऱ्याला मेव्हण्याकडे लग्नाला गेले आणि तिथं न्हाणीघरात पाय घसरून पडले. उजव्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर. तीन आठवडे ते साताऱ्यालाच होते. बदली डॉक्टर शोधायचं ट्रस्टने मनावर घेतलं, पण कुणी मिळालं नाही. गाठी मात्र यायच्या थांबल्या नाहीत. मी काप काढत होते, रंगवत होते, स्लाइडचे ट्रे भरत होते. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटर आपोआप सुरू व्हायचा.

एक सर्जन अहवाल हातात घेऊन म्हणाले, देवधरांचा हात मोडला तरी सही काय झोकात येते. सगळे हसले. मीही हसले. उमाताई उठून बाहेर गेल्या.

त्यांनी साताऱ्याला फोन लावला. डॉक्टर म्हणाले की जाऊ द्यात, वर तात्पुरता लिहिलेलं असतंच, मी आल्यावर सगळ्या स्लाइड बघतो, काही वेगळं निघालं तर माणसाला बोलावून घेऊ. निळ्या पट्ट्याचं उमाताईंनी सांगितलं. ते म्हणाले, मग तुम्ही हाताने लिहा. चार दिवस उमाताईंनी प्रत्येक अहवालावर लाल शाईने ‘तात्पुरता’ लिहिलं. पाचव्या दिवशी प्रशासकांनी बोलावून सांगितलं की सही झालेल्या कागदावर वरून लाल शाईने लिहिणं बरं दिसत नाही, लोक घाबरतात. उमाताईंनी लिहिणं थांबवलं.

हे त्या कधी लपवत नसत. “मला थांबवलं असं म्हणू नकोस,” त्या पुढं मला म्हणाल्या. “मी थांबले.”

त्याऐवजी त्यांनी वही घातली. न बघता गेलेल्या प्रत्येक अहवालाचा नंबर, नाव, गाव, तारीख. तीन आठवड्यांत एकेचाळीस झाले.

त्यातलीच एक तानुबाई. आटपाडीच्या पुढच्या एका वाडीवरची, पन्नाशीची, आयुष्यभर मेंढरांमागे चाललेली. मानेला लिंबाएवढी गाठ. सर्जनने ती काढून फॉर्मवर लिहिलं होतं, ‘क्षयाची गाठ?’ आमच्या भागात मानेची गाठ बहुतेक वेळा क्षयाचीच निघते. कॉम्प्युटरने तो अंदाज उचलला आणि क्षयाचा तयार मजकूर भरला. प्रश्नचिन्हाला त्या मजकुरात जागा नव्हती.

अहवाल घ्यायला तानुबाई आणि तिचा मुलगा दादासो आले होते. दादासो कोइमतूरला सोनं-चांदी गाळायच्या दुकानात होता, आईसाठी सुट्टी काढून आला होता. तानुबाई खिडकीखाली फरशीवर बसली होती. मी आत काचा धूत होते.

“ल्येका, इचार की त्यास्नी,” तानुबाई खालून म्हणाली.

दादासोने कागद उलटसुलट केला. “आवं ताई, मोठ्या डाक्टरांनी सोता बगितलं न्हवं ह्ये?”

माझ्या हातातली काच धुऊन झाली, मी दुसरी घेतली.

“सही आहे ना त्यांची,” उमाताई म्हणाल्या.

“मग झालं. सही हाय म्हंजे बगितलंच आसंल.”

तानुबाईने कागद मागून घेतला, कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला. ती दोघं गेली. उमाताईंनी खिडकी अर्धी ओढून घेतली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मार्चच्या मध्यावर डॉक्टर आले. हात गळ्यात होता, डाव्या हाताने सूक्ष्मदर्शक फिरवायचे. मागच्या एकेचाळीसपैकी चोवीस त्यांनी बघितल्या. सगळ्या अंदाजाप्रमाणेच निघाल्या. त्यामुळे घाई सरली. उरलेल्या सतरा दोन ट्रेंमध्ये होत्या. रोजचं नवं काम त्यांच्यावर येत गेलं. उमाताई दर सोमवारी आठवण करायच्या. डॉक्टर बरं म्हणायचे. पुढं भिंतींना रंग द्यायचा निघाला आणि ट्रे मागच्या सामानाच्या खोलीत गेले.

नोव्हेंबरात दादासो एकटाच आला. मी त्याला ओळखलं नाही, उमाताईंनी ओळखलं. सहा महिने गोळ्या झाल्या, पण आईच्या काखेत आणि जांघेत गाठी आल्या, ताप हटत नाही, सांगलीच्या डॉक्टरांनी जुनी स्लाइड मागितलीय, असं तो म्हणाला. मी सामानाच्या खोलीतून ट्रे आणला. नंबर बघून स्लाइड काढली. देण्याआधी डॉ. देवधर म्हणाले, आण इकडे.

ते बघत होते, तेव्हा मी समोर उभी होते. एरवी ते स्लाइड बघताना बोलायचे. त्या दिवशी बोलले नाहीत. एकदा चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग स्लाइड काढून माझ्या हातात दिली आणि उमाताईंना विचारलं, हा अहवाल कुणी दिला?

बावीस वर्षांची आता पंचवीस-सव्वीस व्हायला आली होती, आणि इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

उमाताई म्हणाल्या, “तुमची सही आहे, सर.”

“माझा हात प्लास्टरमध्ये होता,” डॉक्टर म्हणाले.

तो लसिकाग्रंथींचा कॅन्सर होता. फेब्रुवारीतच औषधं सुरू झाली असती तर बाई बरीच वर्षं जगली असती, असं सांगलीच्या डॉक्टरांनी दादासोला सांगितलं. तानुबाई नव्याण्णवच्या जानेवारीत गेली.

दादासोने सांगलीच्या ग्राहक मंचात तक्रार केली. नोटीस आली तसं मानसिंगरावांनी आम्हा दोघींना ट्रस्टच्या ऑफिसात बोलावलं. त्यांनी आवाज चढवला नाही. चहा मागवला. मग समजावून सांगितलं की बचाव सरळ आहे. ज्या तारखेचा अहवाल आहे त्या तारखेला डॉक्टर साताऱ्यात होते, उजवा हात प्लास्टरमध्ये होता, त्याचे एक्स-रे आहेत. हातची सही असणं शक्यच नाही. आणि यंत्रातून उमटलेली सही या देशाच्या कायद्यात सहीच नाही. म्हणजे डॉक्टरांनी अहवाल दिलेलाच नाही. बिनसहीचा एक छापील कागद कुणीतरी खिडकीतून दिला.

“कुणीतरी म्हणजे मी,” उमाताई म्हणाल्या.

मानसिंगराव म्हणाले की कुणाच्या मनात तसं नाही. नजरचुकीने कागद दिला गेला, एवढं लिहून द्या, नोकरीला धक्का लागणार नाही. नाही तर मात्र दुसऱ्याची सही वापरली असा त्याचा अर्थ निघतो, आणि मग पोलिसांनाही कळवावं लागतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी कपात बघत म्हटलं. दीड वर्षापूर्वी जिन्यात उमाताईंनी विचारलेला प्रश्न त्यांना आठवत होता की नव्हता, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

उमाताईंनी लिहून दिलं नाही. विचार करते म्हणाल्या.

मी दिलं. माझा जबाब टाइप करून तयारच होता: स्लाइड बनवणं एवढंच माझं काम, अहवाल कोण काढतं आणि कसा काढतं याची मला माहिती नाही. पाच वर्षं मी हंगामी होते. कायम करण्याचा हुकूम त्याच टेबलावर, त्याच फायलीखाली होता, हे मला दिसत होतं. मी निळ्या पेनने सही केली. उमाताई माझ्याशेजारी बसल्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला एकाही शब्दाने टोकलं नाही, उलट रस्ता ओलांडताना माझा दंड धरला. ते मला अजून सहन होत नाही.

त्यानंतरचे दोन-तीन महिने वाईट होते. त्यांच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली, त्यांना जुने कागद लावायला तळघरात पाठवलं. पासवर्ड बदलला. गणवेशातला एक हवालदार दोनदा चौकशीला येऊन गेला, नुसता बसून गेला. डॉक्टर समोरून आले की भिंतीकडे बघायचे. आणि प्रिंटर चालूच होता. मी मोजत नव्हते, पण डॉक्टर सांगलीला असतानाही सही उमटतच होती.

जूनमध्ये मंचासमोर उमाताईंची साक्ष झाली. ट्रस्टने त्यांना बोलावलं नव्हतं, दादासोच्या वकिलांनी बोलावलं. विट्याचे साधे वकील होते, त्यांनाही या बाई काय बोलणार याचा अंदाज नव्हता. मी शेवटच्या बाकावर होते. उमाताईंनी पांढरी साडी नेसली होती, हातात वही होती. मानसिंगरावांनी तो अहवाल त्यांच्यासमोर धरला.

“ही सही कुणी केली?”

“सही डॉक्टरांची,” उमाताई म्हणाल्या. “ती काढणारं यंत्र ट्रस्टचं. कागद दिला मी. स्लाइड कुणीच बघितली नाही.”

मानसिंगराव म्हणाले, फक्त विचारलं तेवढंच सांगा.

“मुलाने मला विचारलं होतं, डॉक्टरांनी बघितलं का. मी सही आहे म्हणाले. बघितलेलं नाही हे मला माहीत होतं.” मग त्या दादासोकडे वळल्या. “हे मी तुला त्या दिवशी सांगायला हवं होतं.”

दादासो खाली बघत होता. त्याने मान हलवली, पण ती कशासाठी ते मला कळलं नाही.

उमाताईंनी वही पुढं केली आणि अशाच आणखी सोळा स्लाइड न बघितलेल्या आहेत, असं सांगितलं. मानसिंगरावांनी हरकत घेतली की ही खाजगी टिपणं आहेत, त्यांना पुराव्याची किंमत नाही. मंचाने वही बघितली, पण आपल्यापुढं तक्रार एकाच बाईची आहे, म्हणून परत केली.

आठ दिवसांत उमाताईंना कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. कारण होतं, ‘डॉक्टरांच्या सहीचा अनधिकृत वापर.’ पत्राखालची प्रशासकांची सही कॉम्प्युटरमधूनच आलेली होती.

निकाल ऑक्टोबरात लागला. कागद रुग्णालयाचा, त्यामुळे हयगयही रुग्णालयाची, असं मंचाने म्हटलं. पण अहवाल डॉक्टरांनी दिला असं म्हणता येईल का, यावर लिहिलं की अशा सहीबद्दल देशात कायदा अस्तित्वात नसल्याने या मुद्द्यावर निष्कर्ष काढता येत नाही. डॉ. देवधर सुटले. ट्रस्टने मुंबईला अपील केलं. दादासो कोइमतूरला परत गेला. जाताना तो उमाताईंच्या घरी येऊन गेला, अर्धा तास बसला, पाणी प्यायला. काय बोलणं झालं ते उमाताईंनी सांगितलं नाही.

मी त्यांच्याकडे जायला लागले ते निकालानंतर. आधी धीर झाला नव्हता. त्यांच्या खोलीत टेबलावर वही उघडी होती आणि शेजारी जिल्ह्याचा नकाशा. सोळा नावं. त्या एकेका गावी जाऊन त्या माणसांना सांगणार होत्या की तुमचा अहवाल पुन्हा तपासून घ्या. मी म्हटलं, स्लाइड नसताना तपासणार काय? त्या म्हणाल्या, तोच प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी सामानाच्या खोलीतले दोन्ही ट्रे मी जेवणाच्या पिशवीत घालून बाहेर काढले. फार शूरपणा नव्हता तो. त्या ट्रेंची कुणाला आठवणच उरलेली नव्हती. सांगलीच्या एका पॅथॉलॉजिस्ट बाईंनी, माझं नाव न विचारता, दोन दिवसांत सोळाही बघून दिल्या आणि प्रत्येक अहवालाखाली पेनाने सही केली. तेरा अंदाजाप्रमाणे बरोबर होत्या. दोन चुकीच्या, पण त्यानं फार बिघडणार नव्हतं. एक स्तनाची गाठ होती. आमच्या कागदावर ती साधी म्हणून गेली होती. ती साधी नव्हती.

नाव अंबूबाई, वय अडतीस, गाव कुंडल. आडनावाच्या जागी नुसतं ‘शिं’. कॉम्प्युटरमध्ये नावाची जागा आखूड होती, पुढची अक्षरं कापली गेली होती, आणि सर्जनचा मूळ फॉर्म तोवर रद्दीत गेला होता.

पंधरा घरी उमाताई जाऊन आल्या. एस.टी.ने, कधी चालत. बऱ्याच ठिकाणी माणसांनी चहा दिला, काही ठिकाणी दवाखान्यातून आल्यात म्हटल्यावर दार लावून घेतलं. कुंडलला त्या तीनदा गेल्या. शिंदे बघितले, शिंगाडे बघितले, ग्रामपंचायतीत मतदारयादी चाळली. तीन अंबूबाई निघाल्या, पण कुणाचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला मी बरोबर होते. डिसेंबर अर्धा झाला होता. त्याच आठवड्यात पेपरात बातमी होती की संगणकावरच्या व्यवहारांचा आणि सहीचा कायदा संसदेत मांडला गेलाय. उमाताईंनी गाडीत ती पूर्ण वाचली आणि म्हणाल्या की यात संगणकाची सही म्हणजे गुप्त आकड्यांची काहीतरी वेगळीच रचना आहे. सहीचं नुसतं चित्र डकवलेलं या कायद्यानेही सही ठरणार नाही. पेपरची घडी घालून त्यांनी पिशवीत ठेवला.

कुंडलला पाण्याच्या टाकीजवळ एका म्हातारीकडून माग लागला. तिच्या शेजारची लेक होती तशी, म्हणाली. माहेरी येऊन मिरजेला गाठ काढून गेली. नांदायला अथणीकडं दिलीय. माहेरची माणसंही पोटापाण्याला तिकडंच गेली, घर बंद हाय.

“गाव कुठलं?” उमाताईंनी विचारलं.

म्हातारीला आठवेना. “पर बरी हाय ती,” ती म्हणाली. “कागद दाखवीत हुती समद्यास्नी. साधी गाठ निगाली म्हनून नारळ फोडला देवाला.”

उमाताईंनी स्वतःचं नाव, पत्ता आणि दोन ओळी लिहून चिठ्ठी त्या बंद दाराच्या फटीतून आत सरकवली. तशीच एक ग्रामपंचायतीत दिली, एक शाळेत दिली. मग आम्ही स्टँडवर येऊन बसलो. मिरजेची गाडी लागली, तरी त्या उठल्या नाहीत. चौकशीच्या खिडकीशी जाऊन त्यांनी अथणीच्या गाड्यांच्या वेळा विचारल्या आणि वहीत उतरवून घेतल्या.

पुढच्या दोन वर्षांत त्या अथणी तालुक्यात अकरा वेळा गेल्या. कानडी येत नव्हतं, तर दवाखाना आणि गाठ एवढे शब्द शिकल्या. ती बाई त्यांना सापडली नाही.